प्रकार : तण

४ ऑक्टोबर, शनिवार

पाच पन्नासला गेटवर. अकरा जण, नऊ मोबाईल, एक कुत्रा. कुत्रा तेवढा जमिनीकडे बघत चालतो.

लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीच्या, मागे नाल्यापर्यंत एक लांबट पडीत जमीन आहे. तिथेच शनि-रविची ही 'निसर्ग फेरी'. कल्पना ढोमणे सरांची. निवृत्त इंजिनिअर, लेआउटच्या समितीचे सचिव. आई चार वर्षांपासून त्यांच्याकडे पोळ्या करते. तिनेच कधीतरी सांगितलं, पोरगी बॉटनी घेऊन बीएस्सी झाली. तेव्हापासून मी 'मॅडम'. आई अजून 'बाई'.

दव आज पहिल्यांदा इतकं जड. टाकळ्याची पानं रात्री मिटतात, सहा वाजता अजून मिटलेलीच होती. जोडीजोडीने खाली लोंबलेली, प्रत्येक जोडीच्या टोकाला एक थेंब. सगळ्यांना थांबवून दाखवलं. म्हटलं, हे झाड झोपलंय. एक काकू पुढे झाल्या, निळा ट्रॅकसूट.

"मॅडम, हे शुगरला चालते काय?"

आघाडा दाखवला. शुगरला चालते काय. कुरडू दाखवला. शुगरला? कोळ्याचं जाळं दाखवलं तेव्हा गप्प राहिल्या. विचार करत असाव्यात.

५ ऑक्टोबर, रवि.

आज मोबाईलवाले. पानाचा फोटो काढला की नाव सांगणारं काहीतरी त्यांच्याकडे आहे. रुईचं पान दाखवलं तर मोबाईल म्हणाला फुलकोबी. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खोटी. त्याच रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी होती, सुंदर, दवात न्हालेली. एकीने किंचाळून हाताला सॅनिटायझर लावला. अळीला हात लावलेलाच नव्हता.

परतताना ढो. सर म्हणाले, समितीने ठरवलं आहे, यंदा 'दिवाळी पहाट' पडीतावर. गाणी, खुर्च्या, चहा. त्याआधी जागा "डेव्हलप" करायची. "पण मॅडम, तुम्ही यादी करून द्या. जे ठेवण्यासारखं आहे ते आम्ही ठेवू. नेचरला हात लावायचा नाही, हे माझं प्रिन्सिपल आहे."

घरी जाईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. त्या माणसांबद्दल इतकं वाईट लिहायला नको होतं. (खोडत नाही. खरं आहे.)

६ ऑक्टोबर

समितीच्या लेटरहेडवर पत्र आलं. 'वनस्पती सल्लागार' आणि पुढे माझं नाव. बाबांनी पत्राचा फोटो काढून गांधीबागेतल्या दुकानात सगळ्यांना दाखवला. बाबा तिथे कापड मोजतात. आजोबांपर्यंत उमरेडला घरात माग होता, तो गेला आणि बाबांच्या हातात मीटरपट्टी आली. घरात लेटरहेडवर नाव आलेलं हे पहिलंच. शेठने विचारलं म्हणे, सल्लागार म्हणजे काय करते? बाबांनी सांगितलं, "झाडाईले पास-नापास करते."

हसू आलं. दुरुस्त केलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळ.

एकटी गेले. एकटं असलं की पडीत वेगळंच असतं. गवतात पिवळी फुलपाखरं रात्रीची टांगलेली, पंख मिटून, पंखांवर दव. ऊन लागेपर्यंत उडता येत नाही. बोटावर घेतलं तरी बसून राहतं. एक चतुर काडीला चिकटलेला, डोळ्यांवर थेंबच थेंब.

साडेसहाला आई कामावर जाता जाता आली.

"काहून वं, काय पाहून राहिली इतक्या सकायी?"

"टाकळा."

"तरोटा हाय तो."

"आई, प्रमाण मराठीत टाकळा म्हणतात."

"टाकळा? टाकून द्याचा का?" आणि स्वतःच हसत सुटली. मग एकेक नाव घेत गेली. कुंजरू. पाथरी. केणा. कंबरमोडी. मी पुस्तकातली नावं लिहीत होते. दोनदा तिला थांबवून म्हटलं, तसं नसतं ते. ती म्हणाली, "बरं बाई, तुयंच खरं," आणि पोळ्या करायला गेली.

आईचं हे असंच. सगळं माहीत असतं आणि कशाला काही व्यवस्था नसते.

९ ऑक्टोबर, गुरु.

यादी पूर्ण. एकसष्ट जाती. अनुक्रमांक, नाव, शास्त्रीय नाव, कुळ, उंची, प्रकार. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये होते तेच रकाने. प्रकारात चारच शब्द: वृक्ष, झुडूप, वेल, तण. आमच्या मॅडम सांगायच्या, पडीत जमिनीवर आपोआप उगवणाऱ्या हंगामी वनस्पतींना तण लिहा, काव्य करू नका. केलं नाही. एकही शास्त्रीय नाव चुकलेलं नाही, तीनदा तपासलं. खाली सही.

ढो. सरांनी उभ्या उभ्या पानं चाळली. "व्वा मॅडम, परफेक्ट. असंच क्लिअर पाहिजे होतं." सचिवांना प्रकार शब्दाचा अर्थ तरी माहीत असेल का, असा विचार करत घरी आले. आपल्याच हुशारीवर खूश होऊन झोपणाऱ्यांचा मला एरवी राग येतो.

१२ ऑक्टोबर, रवि.

फेरी संपली. सगळे चहाला गेले. मी वही विसरले म्हणून साडेनऊला परत पडीतावर आले, तर एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारत होता. नाल्याकडच्या टोकापासून तिसरा हिस्सा झालेला. विचारलं, भाऊ, काय मारताय?

"तणनाशक. सायबानं सांगतलं."

धावत ढो. सरांकडे. ओट्यावर पेपर वाचत होते. आतून माझी यादी आणली. पिवळ्या हायलाइटरने ओळीच्या ओळी रंगवलेल्या. चव्वेचाळीस.

"तुम्हीच तर लिहिलं आहे, मॅडम. तण, तण, तण. आता तणाला काय कुंपण घालू? सतरा ठेवतोय ना आपण. वृक्ष, झुडूप, वेल, सगळं सेफ. नेचरला हात लावायचा नाही, हे माझं—"

प्रिन्सिपल.

पंपवाल्याला थांबवलं. टाकी संपतच आली होती. तो म्हणाला, उरलेलं गुरुवारी.

१३ ऑक्टोबर, सोम.

पुन्हा ढो. सरांकडे. वनस्पतिशास्त्रात तण म्हणजे वाईट असं नाही, ते फक्त कुठे उगवतं ते सांगणारं आहे. हे सगळं समजावलं. पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात. कुरडूच्या तुऱ्यावर किती मुंग्या, किती मधमाश्या असतात. ते ऐकत होते. ऐकताना मान हलवतात, ती कुठल्याही वाक्याला सारखीच हलते.

मग म्हणाले, "मी इंजिनिअर आहे. ड्रॉइंगवर सही झाली की भिंत तशीच उठते. तुम्हाला बदल पाहिजे तर एका ओळीत लिहून द्या: पहिली यादी चुकीची होती. सही करा. समितीसमोर ठेवतो. पण मग बाकीच्या तीन लेआउटला मी तुमचं नाव सांगितलं आहे, त्यांना काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

आत पोळपाटाचा आवाज थांबला होता.

यादी चुकीची नाही. हाच तर त्रास आहे. एकसष्टच्या एकसष्ट बरोबर. हा माणूस मला बरोबर असण्याबद्दल माफी मागायला लावतो आहे. बेसिनपाशी पामची कुंडी ठेवून तिला निसर्ग म्हणणारा माणूस.

संध्याकाळी

बाबा म्हणाले, "लिहून द्याचं नाही. कापड एकदा फाडलं का वापस घेत नाही आमच्याकडं. सही केली ते केली."

आईने ताट ठेवलं. मग:

"तरोट्याले तण लिहिलं तूनं?"

"आई, तो शास्त्रातला—"

"आखाडात काय खाल्लं होतं मग? तण?"

बाबा हसले. आई हसली नाही. "कोवळा पाला आणाले तिथंच जातो नं आपण. मायी माय जात होती, आता मी. त्याले माराच्या यादीवर तुयी सही."

जेवण गेलं नाही. खरं म्हणजे गेलं, पण चव नव्हती.

१५ ऑक्टोबर, बुध.

फवारलेल्या हिश्श्यात गेले. काल काहीच दिसत नव्हतं. मारलेलं आणि न मारलेलं सारखंच हिरवं, दोन्हीवर सारखंच दव. आज कडा पिवळ्या. सहाला टाकळ्याची पानं मिटलेली होती, सातला बाकीची उघडली. ही अर्धवट उघडून तशीच राहिली. आणि एक पिवळं फुलपाखरू, ऊन लागल्यावर उडालेलं, नेमकं त्याच झाडावर येऊन पोटाचं टोक पानाला लावत होतं. एक अंडं. पुढचं पान. दुसरं अंडं. उडवून लावलं. परत आलं.

दहा दिवस झाले, या वहीत मी दुसऱ्यांना नावं ठेवते आहे. ट्रॅकसूट, सॅनिटायझर, फुलकोबी. त्यातल्या एकानेही एक पान मारलेलं नाही. तिसरा हिस्सा मारला तो माझ्या शब्दाने, आणि तो शब्द मी न बघता लिहिला. चव्वेचाळीस वेळा. रजिस्टरमध्ये रकाना होता म्हणून भरला. आणि शुद्ध लिहिण्याच्या माजात आईचं एकही नाव यादीत येऊ दिलं नाही.

लिहिताना स्वतःचीच किळस आली. फार नको. किळसही मिरवायची सवय लागते.

दुपारी

आई कामावरून आली. समोर बसवलं. नवी यादी. 'प्रकार' हा रकाना काढून टाकला. त्याजागी: कशाला लागते. नाव तिने सांगायचं, मी तसंच लिहायचं.

"तरोटा. आखाडात भाजी. बिया भाजून कॉफीसारख्या पित होते पयले. गुरं खात नाई."

"गुरं खात नाही हेही लिहू?"

"लिही नं. खोटं काहून सांगाचं?"

"पाथरी?"

"मिठासंगं कच्ची. बायंतिणीले दूध येते म्हणत."

"येतं का खरंच?"

"तुले आलं होतं का नाई पोटभर? मंग?"

कुठलं फुलपाखरू कशावर, कोणता किडा कशावर, ते माझं. तिला त्याची गंमत वाटली. "अळ्यायले बी रेशन कार्ड काढून देतं का वं?" सव्वीसाव्या नावाला मी अडले, शास्त्रीय होतं, पण मराठी नाव पुस्तकातही नव्हतं, पहिल्या यादीत इंग्रजी लिहून भागवलं होतं. ती म्हणाली, मलेबी नाई माहीत, सोड. मी लिहिलं: नाव माहीत नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच यादी जिच्यात असं वाक्य आहे.

चव्वेचाळीसांपैकी आठ गाजरगवतासारखी, कोणालाच नको असलेली. ती तशीच लिहिली. आईने सांगितलंच आहे, खोटं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरु.

इथेच बांधावर बसून लिहिते आहे. आठ वीस.

सातला ढो. सरांकडे गेले. नवी यादी दिली. सोबत पत्र: 'पहिल्या यादीतील प्रकार हा रकाना पुस्तकाप्रमाणे बरोबर व या जागेसाठी चुकीचा आहे.' रात्रभर जुळवलेलं वाक्य. त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, एक काय ते लिहा. बरोबर की चूक?"

आई आत होती. लाटण्याचा आवाज चालू होता, थांबला नाही. मी आधीचं खोडून लिहिलं: पहिली यादी चुकीची होती. सही. ते म्हणाले, समितीच्या ग्रुपवर टाकतो, तुम्हालाही त्यात घेतो, समितीचे नऊ जण आहेत, पाचांचं हो आलं तर फवारणी रद्द. नाहीतर ठरल्याप्रमाणे. इतर लेआउटचं नंतर बोलू.

नंतर. म्हणजे नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मोबाईलवर दोन अंगठे आले आहेत. बाकीचे 'गुड मॉर्निंग'ची फुलं टाकत आहेत. माझ्या पत्राच्या खाली, गुलाब.

शंकरभाऊ पंप भरून इथेच बसला आहे. पहिल्या दिवशीचा तोच. म्हटलं, भाऊ, थांबलात काहून?

"दव हाय नं, ताई. ओल्या पानावर औषध ठयरत नाई, वाहून जाते. सुकलं का मारतो."

किती वेळ लागेल?

"ऊन पाहून. नऊ. आज ढगबी नाई."

त्याने बिडी पेटवली. मी ओढू नका म्हटलं नाही, विझवू नका म्हणावंसं वाटलं, ती चालू तोवर पंप खाली. विचारलं, रद्द झालं तर तुमची मजुरी? तो म्हणाला, "ते सायेब पाहीन. मले तर तरोटा माराले बी बरं नाई वाटत. पण पंप भरला हाय."

आठ बेचाळीस. तीन अंगठे. तिसरा कोणाचा, नाव ओळखीचं नाही. फेरीला कधी आलेला माणूस नसावा.

पूर्वेकडचं गवत आता चमकत नाही. भिंतीच्या सावलीतलं अजून ओलं आहे. फुलपाखरं एकेक करून सुटली.

आठ एकावन्न. शंकरभाऊने एक पान तोडून ओल बघायला गालाला लावलं. दुसरं तोडलं.