लाल लोकर बांधलेल्या नऊ शेंगा

आदरणीय ताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा वाकले असं समजून घ्या).

तुमची ॲसिडिटी कशी आहे? तुमच्या यजमानांचं घोरणं? आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, तुमचे बंधुराज आणि सुमारे चारशे गोगलगाई. खरं तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरायची पद्धत. मला जे सांगायचं आहे ते तुमच्या सासूबाईंनी ऐकलं, तर चहा निवायच्या आत ते माझ्या सासूबाईंपर्यंत पोचेल. म्हणून हे पत्र एकटीने वाचा आणि वाचून झालं की फाडून कंपोस्टात टाका. (तुमच्याकडे कंपोस्ट नाही, विसरलेच. नशीबवान आहात.)

तर आई गुडघ्याच्या ऑपरेशनला मोठ्या भाऊजींकडे गेल्या, त्याला सात आठवडे झाले. जाताना गच्चीवरची बाग माझ्या हवाली करून गेल्या. ज्या बाईने अकरा वर्षं मला मिरचीच्या रोपाला बोट लावू दिलं नाही ("तुला नाही जमायचं" हे वाक्य मी झोपेतही म्हणते, असं तुमचे बंधुराज सांगतात), त्या बाईने हे करावं? मला तर ऑपरेशन गुडघ्याचंच आहे ना, अशी शंका आली. पण मनातून मी फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू? सोबत तीन पानी फर्मान होतं. पहिलं पान गोगलगाईंचं. सकाळी चहाच्या आधी त्या हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. आमच्याकडची हवा तुम्हाला माहीतच आहे. पाऊस थांबत नाही, टॉवेल वाळत नाहीत, चपलांवर बुरशी येते आणि गोगलगाई मात्र बाळसं धरतात. मला मिठाचं पाणी बघवेना, म्हणून मी त्यांना डब्यात भरून मागच्या रिकाम्या प्लॉटवर सोडून यायला लागले. त्या परत येतात. सावकाश येतात, पण येतात, आणि येताना आत्या-मावश्यांना घेऊन येतात.

दुसरं पान कसं लिहू? लिहितेच. तुमच्या मातोश्रींच्या सुवाच्य अक्षरात असं होतं की घरातल्या पुरुषाचं सकाळचं पहिलं पाणी (पिण्याचं नव्हे, दुसरं) बादलीत धरावं, दहापट साध्या पाण्यात मिसळावं आणि आठवड्यातून एकदा वांग्यांच्या बुंध्याशी घालावं. हे नवऱ्याला सांगायला माझी जीभ रेटेना. पण हा माणूस, जो लग्न झाल्यापासून स्वतःचं ताट उचलत नाही, तो एका पायावर तयार! बादलीवर खडूने खूण काय केली, "बागेसाठी" म्हणून रोज दोन तांबे जास्त पाणी काय प्यायला लागला! आता तर "माझी वांगी" म्हणतो. परवा खालच्या मजल्यावरचे केमिस्ट जेवायला आले होते. वांगी इतकी गोड कशी, असं त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला तुमच्या बंधुराजांनी अभिमानाने तोंड उघडलं आणि मी टेबलाखालून त्यांची नडगी फोडली. असो. तर दुसऱ्या पानाची मला एवढी किळस आली की तिसरं मी उघडलंच नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

आईंचा घेवडा तुम्ही लहानपणापासून खाल्लेला आहे. त्यांच्या आईने लग्नात बांधून दिलेलं बी, त्रेचाळीस वर्षं दरवर्षी पेरायचं आणि दरवर्षी धरायचं. या खेपेला वेलावर नऊ शेंगांना लाल लोकरीचा धागा बांधलेला दिसला. मला वाटलं, म्हातारीने जाता जाता आपल्यासाठी उत्तम शेंगा निवडून ठेवल्या. ताई, मला भरून आलं हो! डोळे पुसत मी त्या नऊच्या नऊ तोडल्या आणि भाजी केली. शेंगा अंमळ जून होत्या. तुमचे बंधुराज अर्धा तास रवंथ करत होते, तर सेंद्रिय म्हणजे असंच असतं म्हणून मीच त्यांना गप्प केलं. मग वेल पिवळा पडला होता तो उपटला, बारीक कापला, कंपोस्टात घातला. एवढी मर्दुमकी गाजवल्यावर शाबासकीचं काही लिहिलंय का बघावं म्हणून तिसरं पान उघडलं. पहिलीच ओळ होती, लाल लोकरीच्या शेंगा बियाण्याच्या, वेलावरच वाळू द्यायच्या, त्यांना हात लावशील तर याद राख. दुसरी ओळ, बाटलीत दाणा शिल्लक नाही, सगळे पेरलेत.

मी तिथल्या तिथे बादली पालथी घालून बसले (बादली कोणती, ते बसल्यावर लक्षात आलं) आणि रडले. बाजारातून दुसरं बी आणू, असं तुमचे बंधुराज म्हणतात. यांना काय कळतंय? आई डोळे मिटून नुसत्या बोटांनी आपला दाणा ओळखतात. तांबूस, पोटाशी पांढरा ठिपका, तसा बाजारात मिळत नाही. मी चार दुकानं पालथी घातली.

बाकी इकडचं सगळं ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही. मुलांना पापे, मोठ्यांना नमस्कार.

तुमची,
हात मोडण्याच्या लायकीची भावजय

ता. क. तुमच्या लग्नात आईंनी याच बियांची मूठ पावडरच्या डब्यात घालून तुम्हाला दिली होती. तुम्ही ती पेरली नाहीत, हे जगजाहीर आहे. तुमच्या आळसाबद्दल मी आजवर जे जे बोलले ते सगळं मागे घेते. माळ्यावर बघा, ड्रेसिंग टेबलाच्या खालच्या खणात बघा, आणि शुक्रवारच्या आत कुरियर करा. दहातला एक उगवला तरी पुरे.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, एवढं कशाला घाबरतेस, आई तर फडकं वाकडं वाळत घातलं तरी ओरडतात. ओरडू देत हो. भीती निराळीच आहे. रविवारी जाऊबाईंचा फोन होता. त्या आईंसाठी मागची खोली लावून घेताहेत, कायमची. तळमजला आहे, समोरच व्यायामाचे डॉक्टर आहेत. आमच्याकडे शेहेचाळीस पायऱ्या. जाऊबाईंनी किती समजावलं तरी आईंचं एकच, "मला गेलं पाहिजे, बी काढायचं राहिलंय." आमची आठवण येते असं त्या मेल्या तरी म्हणणार नाहीत. आता बी नाही म्हटल्यावर त्या कशासाठी येतील? सात आठवड्यांत मला कुणी "तुला नाही जमायचं" म्हटलेलं नाही, आणि घर खायला उठतं, ताई.

ता. क. तिसरा. डब्यात बी नसेल, सगळं किडलं असेल, तरी डबा पाठवा. आत चार खडे टाका, म्हणजे मला फोनवर खुळखुळवून दाखवता येईल, आणि झाकण चिकटपट्टीने आवळून बंद करा. बी निवडायला ठेवलंय, असं मी सांगीन. त्या काही दुसऱ्या कुणाला डबा उघडू देणार नाहीत. स्वतः येतील, शेहेचाळीस पायऱ्या चढतील, डबा उघडतील. मग मला काय बोलायचं ते बोलू देत, घरात बसून.