चढाला मरते, सपाटीला ओरडते

४ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद. मोजून घे, कमी भरले तर कळव.

फोन करत नाही. कारखान्यात कॉम्प्रेसर चालू असला की तुझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही, आणि मुळात तू बोलतेसच निम्मं. तर कामाचं लिहिते. आपली पिकअप थकली. बर्फाच्या लाद्या भरून टेकडीवरच्या हॉटेलांकडे निघाले की चढाला मरते. परवा एक सायकलवाला मला हात करून पुढे गेला. सपाटीला लागली की अशी ओरडते, की हॉर्नचं काम उरलेलं नाही. ॲव्हरेजचं तर विचारूच नकोस, पंपावरचा माणूस आता घरातल्यासारखा बोलतो. वर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं ते वेगळंच.

नवी घ्यायची म्हणते. शोरूममधला टायवाला म्हणतो, मोठं इंजिन घ्या, चढ आला हे कळणारसुद्धा नाही. तुझा बाप म्हणतो, ताकद काय चाटायचीय, छोटं घे, ॲव्हरेज देतं. स्वतः तर ॲव्हरेज परवडत नाही म्हणून मोटारीवर कव्हर घालून बसने फिरतो. आणि त्याचं खरं म्हणणं वेगळंच आहे: गाडी चालवणंच सोड, ड्रायव्हर ठेव आणि स्वस्थ बस. स्वस्थ बसलेली लादी वितळते, हे त्याला कोण सांगणार?

तू इंजिनं तपासण्याचा पगार घेतेस. सांग, ताकद की ॲव्हरेज?

लोभ आहेच. उत्तर लवकर आलं तर वाढेल.
तुझी आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्येस,
सा. न. वि. वि. संक्षेपात लिहिला असला तरी नमस्कार पूर्ण आहे.

पत्र मिळालं. ओझं किती, चढ कसा आणि चालवणारं कोण, हे कळल्याशिवाय ताकद की ॲव्हरेज या प्रश्नाला उत्तर नसतं. आमच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर बांधून पळवतात. जाहिरातीतला ॲव्हरेज अशा ठिकाणी जन्माला येतो. तिथे चढ नसतो, बर्फ नसतो आणि आत्या नसते, त्यामुळे आकडा देखणा येतो.

तुझ्या तक्रारीतली एक गोष्ट मला जुळत नाही. चढाला मरते म्हणजे इंजिनाला जोर पुरत नाही. सपाटीला ओरडते म्हणजे ते गरजेपेक्षा जास्त फिरतं. एकाच इंजिनाला हे दोन आजार एकदम होत नाहीत. मिस्त्री काय म्हणाला, गाडी जागेवरून निघताना वास येतो का, आणि बाजाराच्या गर्दीत ती कशी वागते, एवढं कळव. वर्णन साधं असावं. सायकलवाला नसला तरी चालेल.

लोभ आहे तेवढाच राहावा. चढउतार नकोत.
तुझी भाची

१९ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद. या वेळी न मोजता.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं, बघितलं, बंद केलं. म्हणाला, ठणठणीत आहे, म्हातारीला दृष्ट लागेल. कुठल्या म्हातारीला, असं मी विचारल्यावर त्याला आत काहीतरी काम आठवलं. वास येतो, निघताना, करपल्यासारखा. बाजाराच्या फेऱ्या मी बंदच केल्या. मासळीवालीला सांगितलं, तुझा माणूस पाठव आणि बर्फ घेऊन जा. पावलापावलावर थांबा, निघा, परत थांबा, कुणी सांगितलाय तो ताप?

बाकी ठीक. घर कारखान्याच्या वरच असल्यामुळे सारखं खाली-वर करायचा कंटाळा येतो, म्हणून हल्ली गोदामाची चावी टोपलीत घालून दोरीनं खाली सोडते आणि संध्याकाळी वर ओढते. कामगार म्हणतात, बाई राणी झाल्या. होऊ दे.

तू कधी येतेस? मागच्या खेपेला जेवलीस आणि घड्याळ बघत गेलीस. त्या रोलरवरच्या गाडीसारखी आहेस, दिवसभर पळायचं आणि पोचायचं कुठेच नाही.

लोभ कमी करणार होते, पण बर्फासारखा तो तोडून देता येत नाही.
तुझी आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

गाडीत दोष नाही. चढाला खालचा गिअर लागतो, सपाटीला वरचा. तू दोन्हीकडे तिसऱ्यात असतेस, म्हणून ती एकीकडे मरते आणि दुसरीकडे ओरडते. जागेवरून उचलतेससुद्धा तिसऱ्यातच. करपल्याचा वास क्लचचा आहे. ॲव्हरेज त्यातच जातो.

तिसावर वर्षं गाडी चालवणारी बाई गिअर विसरत नाही, टाळते. हात दुखत असता तर टोपली वर ओढता आली नसती. म्हणजे क्लच दाबणारा पाय. गर्दी सोडलीस आणि जिनाही सोडलास, म्हणजे डावा गुडघा. मी अंदाज करत नाही. चूक असेल तर कळव.

एक गोष्ट खरी सांग: उजवा कसा आहे? ब्रेक त्याच्याकडे आहे. आधी डॉक्टरांकडे जा, मग लिही. यात लपवलंस तर बाबांना मी स्वतः सांगेन.

लोभाबद्दल पुढच्या पत्रात.
तुझी भाची

५ मार्च

भोचक भवानीस,
आशीर्वाद द्यायचं जिवावर आलंय, तरी घे.

डावाच. क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून एकदा तिसरा टाकला की तो मुक्कामाला पोचल्यावरच काढते. डॉक्टरांकडे गेले. उजवा त्यांनी दाबला, वाकवला, ठोकला. म्हणाले, याला काही झालेलं नाही, खुशाल ब्रेक मारा. डाव्याची झीज आहे. व्यायाम दिलाय, तो करते, अगदी शिव्या देत.

तुझ्या बापाला कळलं तर तो उद्या येऊन चावी नेईल. वाईट नाही गं तो, घाबरट आहे. लहानपणी सायकल शिकवताना मी मागून हात सोडला, तेव्हापासून चाकांवरचा त्याचा विश्वास उडाला. पण चावी गेली की मी वरच्या मजल्यावर टोपली सोडत बसणार. आता तूच सांग बाई, गाडी की खुर्ची?

लोभ तुझ्या हातात आहे.
आत्या

११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याच्या पिकअपबद्दल तुमचा तिच्याशी वाद चालू आहे असं कळलं, म्हणून लिहिते. निदान झालं आहे. इंजिन उत्तम आहे. दोष डाव्या बाजूला, खाली, एका सांध्यात आहे. झीज वयामुळे आहे. सांधा बदलून मिळतो, पण ते काम मोठं आहे आणि सध्या त्याची गरज नाही. त्याच्यावर जोर येणार नाही, एवढं पाहायचं. उजवी बाजू तपासून घेतली आहे, चांगली आहे.

म्हणून छोट्या इंजिनाची, क्लच नसलेली आणि आपले आपण गिअर बदलणारी गाडी घ्यावी. तिचा कागदावरचा ॲव्हरेज थोडा कमी आहे, पण आत्याला आजच्यापेक्षा बराच जास्त मिळेल. तेवढ्या ओझ्याला ताकद पुरते. वेगळा ड्रायव्हर लागणार नाही. आहे तो चांगला आहे.

या पत्रातला एकही शब्द खोटा नाही.

लोभ असू द्यावा.
तुमची मुलगी

१७ मार्च

चि. बाळीस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीबद्दल वाचलं. तिला ती क्लच नसलेली घेऊ दे, मी मध्ये पडत नाही. सांध्याला सकाळी गरम पाण्याचा शेक द्यावा, दहा मिनिटं, म्हणजे दिवसभर कुरकुरत नाही. हा उपाय मी स्वतः करून पाहिलेला आहे. माझा उजवा आहे.

लोभ आहे, तो विचारायची गरज नाही.
बाबा

ता. क. माझ्या मोटारीचा ॲव्हरेज चांगला होता. हे आत्याला कळवू नये. ती मला ड्रायव्हर ठेवायला सांगेल.