न्हाणीमागची अळंबी

मु. वैशाखरे, चैत्र वद्य अष्टमी, शके १८६६

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेव्हणा जयराम याचा साष्टांग दंडवत. इकडे सर्व खुशाल. तुम्ही आणि ताराअक्का खुशाल असालच. दाजी, आपली प्रकृती कशी आहे? पोट साफ असतं ना? घेरी, मळमळ असं काही नाही ना? (नीट आठवून कळवावं. कारण पुढे येईल.)

आपण शेतकी कचेरीतून अळंबीच्या बियाची बाटली धाडलीत, त्याची हकिकत लिहितो, पण ती मलाच धड समजलेली नाही. आमच्या सावळीला खर्डीच्या कुंडलिकरावांच्या मुलासाठी मागणी आली, हे अक्कांना ठाऊक आहे. कुंडलिकराव अळंबीचे मोठे भोक्ते. बोलणीच्या दिवशी ते म्हणाले, अळंबी पावसाशिवाय मिळत नाही, हेच काय ते दुःख. मी आपल्या बाटलीच्या जोरावर बोलून गेलो की, अक्षय तृतीयेला या, कालवण वाढतो. त्यांनी मांडीवर थाप मारली, "वाढा, नि त्याच पंगतीत साखरपुडा!" तेव्हापासून माझी झोप उडाली. खर्डीचं नाव निघालं की सावळीची भाकरी करपते.

आपण लिहिल्याप्रमाणे भाताचा पेंढा भिजवला, थरावर थर रचले, मधे बाटलीतलं बी पेरलं, वर पाला झाकला. जागा निवडली विहिरीजवळची, भाताची रोपं करतो ती राबाची. रोज पाणी शिंपडत होतो. (जाळायच्या राबाला पाणी घालणारा माणूस पाहायला वाडीतली माणसं येत, आणि माझ्याकडे बघून चुकचुकत परत जात.) एक दिवस मुरबाडच्या बाजाराला गेलो. परत येतो तो ढिगाऱ्याच्या जागी राख! शेजारचा गोमा हसत पुढे आला. "तुमी नव्हते, म्हनून आमीच तुमचा राब भाजला. वला व्हता, लय फुकावं लागलं. पन उपकार नाय मानायचे!" पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, हा तर आपला सगळ्यांचाच रिवाज. मी त्याचे उपकार मानले आणि राखेशेजारी डोकं धरून बसलो. पोरीचं लग्न मी माझ्या बढाईपायी जाळलं, असंच वाटलं.

ते आमच्या कुटुंबाला बघवलं नाही. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, त्या ढिगात बी नव्हतंच! बाटली उघडली तर आत कुजका पेंढा आणि पांढरी बुरशी. नणंदेच्या घरून बुरसलेलं बी आलं हे चारचौघांत कळलं तर माहेरी नणंदेची मान खाली जाईल, म्हणून हिने ते गुपचूप न्हाणीमागे केळीच्या पाचोळ्यात ओतलं आणि बाटलीत कोरडा, स्वच्छ पेंढा भरला. ती बुरशी हेच बी असणार; म्हणजे मी इतके दिवस नुसत्या पेंढ्याला पाणी पाजत होतो. न्हाणीमागे धावलो, तर आंघोळीच्या ऊन पाण्यावर अळंबीच अळंबी!

पण ही आपलीच, की आपोआप उगवलेल्या विषारी कुत्र्याच्या छत्र्या? गोमाच्या आईला दाखवली. ती म्हणाली, "रानातली आमी वलखतो. ही तुमच्या न्हाणीची, तिची वलख तुमालाच." मला राखेतलं काही समजेना, न्हाणीतलं काही समजेना. अक्कांना नमस्कार.

आपला,
जयराम

ता. क. गोमाच्या हाती टोपली पाठवत आहे. शेतकी खात्यात आपल्याएवढं जाणकार आमचं दुसरं कोणी नाही. तरी कालवण करून खावं व प्रकृती कळवावी. गोमा सकाळपर्यंत तिथेच थांबेल.

ता. ता. क. अक्कांना देऊ नये. कुटुंब म्हणतं, नणंद एकच आहे.

आणखी एक. टोपली बांधायला घेतली तर रिकामी. सावळीने काल सगळी भाजून खाल्ली. "तुमी आतोबांना कशाला मारताव? लगीन माजं हाय," म्हणाली. तिची आई रडून रडून दमली, आणि पोरगी ठणठणीत, आत्ता भाकऱ्या थापते आहे. एकही करपलेली नाही. न्हाणीमागे रोज नवी उगवताहेत, पंगतीला पुरतील. तरी आपण अक्षय तृतीयेला यावंच. पहिला घास आपण घ्यावा. (मान म्हणून. दुसरं काही नाही.)