टीव्हीच्या डाव्या कुशीवर

३ जून, सकाळी
सून म्हणे, आई, तो टीव्हीचा खोका आता काढूया. मी म्हटलं, एकोणीस वर्षं चाललाय, अजून वीस चालेल. विषय संपला. या घरात निर्णय मी घेते.

३ जून, संध्याकाळी
मालिका सुरू होताच चित्र गेलं. शेजारीण रोजच्यासारखी सहाला येऊन बसली होतीच. उठली, टीव्हीच्या डाव्या कुशीवर थाप मारली, चित्र आलं. माझ्या थापेने येत नाही. तिचा हात जड आहे, एवढंच. जावयाने दिलेला नवाकोरा टीव्ही हिच्या भिंतीवर लटकतोय आणि हिला तो लावता येत नाही! मालिकाही कळत नाही. सारखी विचारते, ही कोण हो? मी सांगते. उपकार म्हणून.

७ जून
आज चार थापा मारून वर मलाच म्हणाली, बाई, मी नसते तर तुमचं कसं झालं असतं! उत्तर जिभेवर आलं होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिस्त, म्हणून गिळलं. ठरलं. नवा टीव्ही घ्यायचा.

८ जून
दुकानात गेले. सेल्समन एलईडीला एकेक अक्षर जोडत गेला, ओएलईडी, क्यूएलईडी. फरक विचारला तर म्हणे, आजी, यात काळा रंग जास्त काळा दिसतो. चौतीस वर्षं फळ्यापुढे उभी होते मी. काळा रंग मला शिकवतो! वहीत फायदे-तोटे लिहायला घेतले. तोट्यांनी पान भरलं. घाई नको.

१२ जून
मुलाने परस्पर आणला. निर्णय माझाच, त्याने फक्त अंमलबजावणी केली. जुना शेजारणीने मागितला. दिला. केबलवाल्याने तिच्याकडे जोडूनही दिला. ब्याद टळली.

१३ जून, सायं. ६
शेजारीण आली नाही. उत्तम. शांतपणे बघता येईल.

६.२०
टीव्ही पासवर्ड मागतोय. माझ्याच घरात मी माझी ओळख का पटवायची? मुलगा, सून आठशिवाय येत नाहीत. भिंतीपलीकडे थाप ऐकू आली. मग मालिकेचं गाणं.

१५ जून
सुनेने कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. अक्षर भयंकर. मी सुवाच्य लिहून काढल्या. अकराव्या पायरीला मालिका संपली.

१६ जून
नव्या टीव्हीच्या डाव्या कुशीवर थाप मारली. मागे सून उभी होती, आज लवकर आलेली. रिमोट उचलून माझ्या हातात दिला. बोलली असती तर बरं.

१७ जून, सायं. ५.५५
जुना टीव्ही नीट ठेवलाय ना, बघून येते. देणाऱ्याची काही जबाबदारी असते. उभ्या उभ्या. बसणार नाही.

७.१०
बसले. मध्येच चित्र गेलं. सवयीने उठले, तर म्हणाली, बसा हो बाई, तुम्हाला नाही जमत. थाप मारली. चित्र आलं. पडद्यावर भलतीच कोणी बाई रडत होती. चार भाग चुकलेले. शेवटी विचारलं, ही कोण हो?
तिने सांगितलं. उपकार केल्यासारखं.