उन्हात मेलेला पाला

१० मे १९९९
सहाही मधुमेही उंदरांची रक्तातली साखर जशीच्या तशी. तीन आठवडे रोज बेडकीच्या वेलीच्या पाल्याचा अर्क पाजला, फरक शून्य. गाईड सर म्हणाले, विषय बदल, अजून वेळ आहे. वेळ कुठला! डिसेंबरात प्रबंध द्यायचाय. रडू आलं. उंदरांसमोरच.

१३ मे
हरसूलचा बाजार. ज्यांनी पाला दिला होता त्या यमुनामावशींना गाठलं, वाळवलेली पूड पुढे केली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, चघळली, वर गुळाचा खडा टाकला.
"गूळ गोड लागतोय. पाला मेलाय. उनात टाकला व्हता ना?"
हो. गच्चीवर, आईच्या कुरडयांशेजारी. वाळवण म्हटलं की ऊन, एवढंच डोक्यात.
मग टोपलीतलं ताजं पान मला चावायला लावलं. वर गूळ. गोडी गायब, तोंडात नुसती माती! आम्हाला जे कळायला महिना लागतो, ते ही बाई एका खड्यात सांगते. परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात.

२४ मे
नवा पाला. या दिवसांत ओढ्याकाठच्या वेलींनाच असतो, मावशींनी स्वतः काढून आणला. आईच्या कॉटखाली सावलीत वाळतोय. आई कुरकुरते, पण रोज वाकून बघते. गुळाची परीक्षा: पास.

२३ जून
नवे सहा उंदीर, तेवढेच तीन आठवडे. शेपटीतून रक्त घेऊन तपासलं. पाचांची साखर उतरली. पाचांची! सहावा हट्टी.

२५ जून
सर खूश. म्हणाले, हाच तक्ता प्रबंधात घाल, उन्हातल्या पाल्याचा काढून टाक. "चूक लिहून कोणाला पदवी मिळत नाही." मी मान डोलावली. का डोलावली...

२७ जून
मावशींना सांगायला गेले. पाचांचं ऐकून हसल्या नाहीत. विचारलं, "आन् सहाव्याचं काय?" इतक्या जणांना सांगितलं, हे कोणीच विचारलं नव्हतं.
मग म्हणाल्या, "समद्यांना लागू पडत नाय. माझ्या भावाला नाय पडला." पाला निवडत राहिल्या. मीही बसले निवडत.

३० जून
पहिला तक्ता काढून टाकला तर माझी चूक झाकली जाते, आणि मावशींना काय कळत होतं तेही. दोन्ही तक्ते टाइप केले. सहाव्यासकट. सरांच्या टेबलावर ठेवले.
बराच वेळ वाचत होते. मग चष्मा काढला. रागावले का, कळेना. म्हणाले, उद्या ते पान आणि गूळ घेऊन ये, मग बघू.
आत्ता डब्यातलं एक पान चावून पाहिलं. गूळ अजून मातीसारखाच लागतोय.