तुझ्या तिखटाचा दोष नव्हता

प्रिय आई,

पाया पडते. मी बरी आहे आणि वेळेवर जेवते, तेव्हा काळजी करत बसू नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना?

पोटाच्या तपासणीत आतड्यात दोन बारीक गाठी दिसल्या. त्या तिथल्या तिथे काढल्या. मग रक्तही तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नवी पेशी तयार होताना जनुकांची नक्कल निघते, तिच्यात चुका होतात. त्या दुरुस्त करणाऱ्या एका जनुकातच तुमच्या जन्मापासून बिघाड आहे. चुका साचतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो."

मला लगेच कळलं. आमच्या शिवणखात्यात कागदी साच्यावरून कापड बेततात. एकदा मी घाईत मूळ साचा न घेता नकलेवरूनच नक्कल काढली. नेमका तपासनीस रजेवर होता. तीनशे सदऱ्यांच्या बाह्या आखूड निघाल्या. माझ्या आतला तपासनीस तर जन्मापासूनच रजेवर आहे म्हणायचा.

हा बिघाड बाबांकडून आलाय. आत्याही त्यातच गेली. बाबांचा कॅन्सर तुझ्या तिखटाने झाला नव्हता, आई. ते गेल्यापासून बारा वर्षं स्वतःला बोल लावत मिळमिळीत खातेयस, ते आता पुरे कर.

धाकट्याला मात्र तपासणीला पाठव. तो हसण्यावारी नेईल, पण तू हटू नकोस. वेळेत कळलं तर गाठ काढता येते. बाबांचं कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तू नेहमी म्हणायचीस, थोरली बापावर गेलीय आणि धाकटा माझ्यावर. माझ्या बाबतीत तुझं खरं ठरलं. त्याच्याही बाबतीत ठरू दे.

तुझी,
थोरली