मी शिकवलेला शेवटचा परिच्छेद

मी, कमळाकर दाजी घरत, वय एकसष्ट, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार पनवेल, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले आहेत. मीठपाड्याच्या धक्क्याबाबतची शेवटची सुनावणी एकोणीस तारखेला आहे. झोप उडाली आहे ती या तारखेने.

१. राहते घर मुलगा भावेश याचे. विकले तरी माझी हरकत नाही.

२. निबंधांची गाईडे व माझ्या टाचणवह्या रद्दीत द्याव्यात. वाचनालयाला देऊ नयेत, कोणीतरी वाचेल.

३. बँकेतली सर्व ठेव मीठपाड्याच्या वकिलासाठी. भावेश रागावेल, म्हणून कारण लिहितो.

तीस वर्षे मी दहावीला वैचारिक निबंध शिकवला. आधी तोटे, मग फायदे, शेवट आशेचा. "परीक्षकाला कडू शेवट चालत नाही," हे माझे पालुपद. २००९ साली मीठपाड्याच्या धक्क्यावर मालाचा डेपो यायचे ठरले. होड्या लावायला गावाला दुसरी जागा नाही. हरकती लेखी मागवल्या. आईबाप सांगत गेले, माझे विद्यार्थी लिहीत गेले. सत्तावन्न अर्ज झाले आणि सगळ्यांचा शेवट एकच: "दोन्ही बाजूंचा विचार करता हा प्रकल्प गावाला वरदानच ठरेल." साहेबांनी सुनावणीत तेवढेच मोठ्याने वाचले.

मासळी विकणाऱ्या गोदूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, आमी सांगितला ता कागदावर हाय का नाय?"

होते. पहिल्या परिच्छेदात होते. उठून तेवढे सांगायचे धाडस मला झाले नाही. त्या दिवसापासून मला माझी लाज वाटते.

४. शंभर टक्के निकालाबद्दल मुख्याध्यापक विनायकराव यांनी घातलेली शाल त्यांना परत करावी. घडी मोडलेली नाही.

५. मीठपाड्याची अंकिता नाखवा हिला देण्यासारखे माझ्याकडे काही नाही, मागायचे आहे. वर्गात हिने एकटीने 'औद्योगिकीकरण' या निबंधाचा शेवट "आम्हाला हे नको" असा केला होता. मी दहापैकी तीन गुण दिले, वर निबंध वाचून वर्गाला हसवले. पुढे गावाने अर्ज लिहायला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मला लिहिता येत नाही." अंकिता, या वेळचा अर्ज तू लिही. मी तीनदा बसलो, तिन्ही वेळा पेन आपोआप फायद्यांकडे वळले. तुझ्या हातापाया पडतो. आणि जमल्यास मला क्षमा कर.

हे मृत्युपत्र वाचून, समजून सही केली.

पनवेल, दि. ४ मार्च २०१२
(सही) क. दा. घरत

साक्षीदार:

१. अवधूत शिवा भोईर, शेजारी. (सही)

२. अंकिता काशिराम नाखवा. सरांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याची मी साक्षीदार आहे. कलम ५ आज वाचले. अर्ज इथेच, त्यांच्यासमोर बसून लिहिला. क्षमेचे आत्ता सांगता येत नाही. अर्ज वाचून सर म्हणाले, "शेवट जरा मऊ कर." केला नाही. (सही)